पत्रकं वाटली, गिऱ्हाईक आलं नाही : वाचकांचे प्रश्न

छोट्या दुकानदारांच्या या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे: जाहिरातीवर पैसे गेले आणि माणसं आली नाहीत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत, लिहिणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत.

सातारा. ब्लाउज शिवण्याचं दुकान आहे, हाताखाली दोघी कारागीर. दिवाळीच्या दहा दिवस आधी ५,००० पत्रकं पेपरातून टाकली. छपाई आणि टाकणावळ मिळून ७,५०० रुपये गेले. पत्रक घेऊन तिघी आल्या, पण हातात काम इतकं होतं की त्यांना परत पाठवावं लागलं. एका अस्तराच्या ब्लाउजमागे मला साधारण १५० रुपये उरतात. पत्रकं चालत नाहीत का?

चालतात. तुमची पत्रकं चुकीच्या दिवशी, चुकीच्या घरांत गेली.

आधी हिशेब पाहू. ७,५०० भागिले ३, म्हणजे एका गिऱ्हाइकामागे २,५०० रुपये. १५० रुपये सुटत असतील तर ती बाई सतरा ब्लाउज शिवेल तेव्हा तुमचे पैसे निघतील. वर्षाला चार ब्लाउज शिवणारं गिऱ्हाईक पहिल्या वर्षी तुम्हाला ६०० रुपये देतं. त्यामुळे एक नवं गिऱ्हाईक आणायला दोन-अडीचशेच्या वर खर्च करू नका. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि कुठल्याही जाहिरातीला याच मापानं मोजा.

आता दिवस. ब्लाउज शिवायला टाकायचा विचार बाईच्या मनात येतो तेव्हा पत्रक हातात हवं. दिवाळीचं काम नवरात्राच्या आधीपासून येऊ लागतं आणि दिवाळीच्या दहा दिवस आधी बहुतेक शिलाईवाल्या नवं काम घेणं बंद करतात. तुमचं पत्रक नेमकं तेव्हा पोचलं. दिवाळीसाठी घटस्थापनेच्या दहा-पंधरा दिवस आधी वाटा. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते, तिच्यासाठी दसऱ्याच्या सुमारास वाटा. शिवाय रविवार टाळा, त्या दिवशी पेपरात आधीच चार-पाच पत्रकं असतात आणि सगळा गठ्ठा एकदम रद्दीत जातो.

आणि घरं. ब्लाउजसाठी बाईला किमान दोन खेपा घालाव्या लागतात, ट्रायल धरली तर तीन. तीन खेपा घालायला कोणी गावाच्या दुसऱ्या टोकाहून येत नाही. तुमचं गिऱ्हाईक दुकानापासून चालत पंधरा-वीस मिनिटांच्या आत राहतं. तेवढ्या भागाला ५००-६०० पत्रकं पुरतात. छपाईत संख्या वाढली की दर नगाला स्वस्त पडतो म्हणून लोक ५,००० छापतात. छापायची तर छापा, पण त्यावर तारीख घालू नका आणि दर वेळी लागतील तेवढीच वापरा.

कुठल्या भागातून माणूस आला हे कळायला वेगळी छपाई लागत नाही. पत्रकांचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेवरून वेगळ्या रंगाच्या मार्करची एक रेघ ओढा. एका रेघेत शेकडो पत्रकांवर खूण होते. लाल कडेची पत्रकं एका पेठेत, हिरवी दुसऱ्या कॉलनीत. पत्रक आणणारीला फॉल-पिको फुकट ठेवा, म्हणजे ती ते जपून आणेल. परत आलेली पत्रकं डब्यात टाका आणि दोन महिन्यांनी रंग मोजा. ज्या रंगाचं एकही आलं नाही तो भाग पुढच्या वेळी सोडा. पेपरवाल्याकडून टाकणार असाल तर प्रत्येक भागातल्या दोन-तीन ओळखीच्या घरी सकाळी फोन करून पत्रक मिळालं का ते विचारा. गठ्ठा तसाच राहून जाणं नवीन नाही.

पत्रकावर काय असावं? तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात देवीचं चित्र, बारा सेवांची यादी आणि ‘एकदा अवश्य भेट द्या’ आहे. दर कुठेच नाही. बाईला तीन गोष्टी हव्या असतात: अस्तराच्या ब्लाउजची शिलाई किती, किती दिवसांत मिळेल, दुकान कशासमोर आहे. ‘अस्तर ब्लाउज, ८ दिवसांत, बिघडला तर दुरुस्ती फुकट’ आणि त्याखाली शिलाईचा दर, एवढं मोठ्या अक्षरांत पुरे. ए-फोरचा चौथा हिस्साही चालतो.

पण तुमच्या धंद्याला पत्रकापेक्षा चांगली जागा आहे, ती म्हणजे मॅचिंग सेंटर. तिथं उभ्या असलेल्या बाईच्या एका हातात साडी असते, दुसऱ्या हातात नुकतंच घेतलेलं ब्लाउजपीस. तिचा पुढचा प्रश्न ‘शिवायला कुठं टाकू?’ हाच असतो. जवळच्या तीन मॅचिंग सेंटरांत पन्नास-पन्नास चिठ्ठ्या ठेवा. चिठ्ठीमागे त्या दुकानाचा शिक्का असू द्या आणि आलेल्या प्रत्येक चिठ्ठीमागे २० रुपये ठरवून दर महिन्याला न चुकता द्या. पैसे थकले की चिठ्ठ्या गल्ल्याखाली जातात. पैसे नको म्हणाले तर तुमच्याकडं येणाऱ्या बायकांना अस्तर-लेससाठी त्यांच्याकडं पाठवा.

सगळ्यात स्वस्त जाहिरात तुमच्या मापांच्या वहीत आहे. प्रत्येक मापासमोर फोन नंबर आणि शेवटच्या कामाची तारीख लिहा. सहा महिने न आलेल्यांना सणाच्या महिनाभर आधी कळवा: ‘तुमची मापं आमच्याकडं आहेत, फक्त कापड पाठवा.’ माप द्यायला जाण्याचा कंटाळा हेच पुष्कळदा न येण्याचं कारण असतं, आणि या एका ओळीनं ते दूर होतं.

चिंचवड. दुचाकीचं गॅरेज आहे. गूगल नकाशावर शोधलं की शेजारची दोन गॅरेजं वर दिसतात, आमचं खाली. ‘गूगलमधून बोलतोय, ६,००० भरा, पहिल्या नंबरवर आणतो’ असा फोन आला होता. भरावेत का?

भरू नका. नकाशावर धंदा नोंदवायला गूगल पैसे घेत नाही आणि त्या यादीतला क्रम विकतही नाही. अशा फोनवर ओटीपी तर मुळीच सांगू नका, त्यानं तुमचं खातंच दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं. कोणाची मदत घ्यायचीच असेल तर त्याला ‘मॅनेजर’ म्हणून जोडा. मूळ मालकी तुमच्या स्वतःच्या जीमेलवर राहू द्या. पुष्कळ दुकानांची नोंद कामावरच्या मुलानं त्याच्या ईमेलवरून केलेली असते. तो मुलगा काम सोडून गेला की साधी वेळसुद्धा बदलता येत नाही. आज घरी गेल्यावर पहिल्यांदा हेच तपासा.

क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधलेल्या कामाशी तुमची नोंद किती जुळते, शोधणारा तुमच्यापासून किती लांब आहे, आणि तुमचं दुकान किती माहितीतलं आहे. अंतर तुमच्या हातात नाही. शेजारच्या चौकातून कोणी शोधलं तर तिथलं गॅरेज वर दिसणारच. स्वतःच्या फोनवर रोज शोधून मनाला लावून घेऊ नका. बाकीच्या दोन गोष्टींवर मात्र काम करता येतं.

नाव पाटीवर आहे तेच लिहा. नावापुढं ‘बेस्ट बाइक रिपेअर चिंचवड’ अशी शेपटं जोडणं नियमाबाहेर आहे आणि कोणी तक्रार केली तर नोंद बंद पडू शकते. मुख्य प्रकार ‘मोटारसायकल दुरुस्ती’ निवडा. तुम्ही ‘ऑटो पार्ट्सचं दुकान’ निवडलंय, त्यामुळे दुरुस्ती शोधणाऱ्याला तुम्ही मागं दिसता. सगळ्यात मोठी चूक हीच असावी. पार्ट्स विकत असाल तर तो प्रकार जोडीला टाका. दुपारी दोन ते चार बंद ठेवत असाल तर दिवसाच्या वेळा दोन तुकड्यांत भरता येतात. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या ‘विशेष वेळा’मध्ये आधी टाका. ‘उघडं आहे’ वाचून आलेला माणूस बंद शटर पाहून गेला की एका ताऱ्याचा शेरा (रिव्ह्यू) टाकतो.

नकाशावरची खूण गॅरेजच्या दारावर आहे का ते उपग्रह चित्रात पाहा. मागच्या गल्लीत पडली असेल तर बंद पडलेली गाडी ढकलत आणणारा माणूस चुकीच्या बोळात शिरतो. फोटो रस्त्याच्या पलीकडून, दिवसाउजेडी, पाटी आणि शेजारची ओळखीची खूण दिसेल असे काढा. पडताळणीसाठी व्हिडिओ मागितला तर तो न थांबवता एका दमात घ्यायचा असतो: आधी रस्ता आणि आजूबाजूची पाटी, मग आपली पाटी, मग कुलूप उघडून आत जाणं, हत्यारं, चालू काम. तुकडे जोडलेला व्हिडिओ परत येतो.

शेरे मागायची वेळ किल्ली हातात देताना, गाडीचा आवाज ऐकून माणूस खूश असतो तेव्हा. संध्याकाळी फोनवर मागितलं तर ‘टाकतो’ म्हणून राहून जातं. तुमच्या नोंदीतूनच शेऱ्याचा क्यूआर कोड मिळतो. तो छापून काउंटरवर लावा, पण पैशाच्या क्यूआरपासून हातभर लांब. काय लिहायचं ते सांगू नका, फक्त ‘कुठलं काम केलं तेही लिहा’ म्हणा. ‘क्लच प्लेट बदलली, सांगितले तेवढेच पैसे घेतले’ हे वाचून पुढचा माणूस येतो. शेऱ्याच्या बदल्यात सूट किंवा ऑइल देऊ नका, ते नियमाविरुद्ध आहे. एकाच दिवशी पाहुण्यांकडून तीस शेरे लिहून घेऊ नका, असे शेरे गाळले जातात. वाईट शेऱ्याला दोन ओळींत उत्तर द्या: गाडी घेऊन या, पाहतो. उत्तर त्या एका माणसासाठी नसतं, वाचणाऱ्या सगळ्यांसाठी असतं.

नाशिक. घरून पोळी-भाजीचे डबे देते. व्हॉट्सअॅपवर २१० जणांच्या ब्रॉडकास्ट यादीवर (एकच संदेश एकदम अनेकांना, पण प्रत्येकाला वेगळा जातो ती) रोज मेनू टाकते. ऑर्डर मात्र त्याच पंचवीस-तीस जणांची येते. बाकीचे वाचत नाहीत की त्यांना नको असतं?

बहुतेकांना तो मिळतच नाही. ब्रॉडकास्टचा संदेश ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच जातो. तुम्ही त्यांचा नंबर साठवलात म्हणून भागत नाही, त्यांनीही तुमचा साठवायला हवा. आजचाच संदेश दाबून धरा आणि ‘माहिती’ उघडा, कोणाकोणाला पोचला ती यादी दिसेल. उरलेल्यांना एकेकट्याला, त्यांच्या नावानं लिहा: ‘उद्याची भाजी रोज रात्री ८ वाजता कळवते. हवी असेल तर हा नंबर “डबा” नावानं सेव्ह करा, नको असेल तर तसं सांगा.’ नको म्हणतील त्यांना त्याच दिवशी काढा. असे संदेश दिवसाला पंधरा-वीसच पाठवा. एका बैठकीत दोनशे अनोळखी माणसांना तेच वाक्य पाठवलं आणि काहींनी ‘रिपोर्ट’ केलं तर नंबर बंद होऊ शकतो. धंद्याचा नंबर गेला म्हणजे गिऱ्हाइकंच गेली. याच कारणानं प्ले स्टोअरबाहेरची बदललेली व्हॉट्सअॅप वापरू नका.

साधं व्हॉट्सअॅप वापरत असाल तर त्याच नंबरावर व्हॉट्सअॅप बिझनेस घ्या. फुकट आहे. आधी बॅकअप घेतला तर जुनी बोलणी राहतात. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण एवढी मोठी यादी करूच नका. चार याद्या करा: रोजचा डबा घेणारे, अधूनमधून घेणारे, कमी तिखट हवं असलेले ज्येष्ठ, आणि उपवासवाले. रोजचा मेनू फक्त पहिल्या यादीला. अधूनमधूनवाल्यांना आठवड्यातून दोनदा, तेही काही खास असेल तेव्हा: भरली वांगी, मासवडी, पुरणपोळी. उपवासवाल्यांना संकष्टी, एकादशी आणि श्रावणी सोमवारच्या आदल्या दुपारी. ज्याला जे नको ते रोज येत राहिलं की माणूस आवाज बंद करून टाकतो, आणि मग पुरणपोळीची बातमीही त्याला कळत नाही.

तुमचा सध्याचा संदेश ‘सुप्रभात’च्या फुलांच्या चित्रावर बारीक अक्षरांत आहे. चित्र उघडावं लागतं, मजकूर उघडावा लागत नाही. असं लिहा:

‘उद्या बुधवार: २ ज्वारीच्या भाकऱ्या, झुणका, भेंडी, आमटी-भात. ९० रुपये. सकाळी ९ पर्यंत फक्त आकडा पाठवा (१, २…). साडेबाराला घरपोच.’

उत्तरात नुसता आकडा मागितला की ऑर्डर देणं सोपं होतं. सकाळची मर्यादा मात्र खरोखर पाळा. सव्वानऊला आलेल्याला एकदा हो म्हटलंत की मर्यादा मोडली.

सोसायटीतल्या लोकांना न विचारता ग्रुपमध्ये जोडू नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि रोष तुमच्यावर येतो. डब्याच्या झाकणावर नाव, नंबर आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक असलेलं स्टिकर लावा. ऑफिसात एक डबा उघडला की आजूबाजूचे चौघं विचारतात, ‘कुठून मागवलास?’ स्टिकरची शाई तेलाच्या हातानं पुसली जाते, म्हणून लॅमिनेट केलेलंच घ्या.

कोल्हापूर. स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान. पाटी बदलायची आहे. किती मोठी करावी, आणि फ्लेक्स चालेल का?

पाटीच्या आकारापेक्षा अक्षराची उंची पाहा. ढोबळ मान असं: दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंच उंचीचं अक्षर. समोरचा रस्ता ४० फुटांचा असेल तर पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसासाठी चार इंच. पण ताशी ३० किलोमीटरनं जाणारा दुचाकीवाला तीन सेकंदांत सुमारे ८० फूट पुढं जातो. त्याला आधी वाचून थांबायचं असेल तर आठ इंच लागतील. मोजताना शिरोरेघेपासून अक्षराच्या बुडापर्यंत मोजा, वेलांट्या आणि उकार धरू नका. रंगारी पुष्कळदा मात्रांसकट मोजतात आणि अक्षर बारीक होतं.

सगळ्यात मोठा शब्द दुकानाच्या नावाचा नको. ‘झेरॉक्स’ मोठं, नाव त्याखाली. रस्त्यावरचा माणूस झेरॉक्स शोधत असतो.

महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही पाटी मराठीत, देवनागरी लिपीत लावणं बंधनकारक आहे. दुसरी भाषा ठेवलीत तर तिची अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत.

फ्लेक्स स्वस्त, पण उन्हात लाल आणि पिवळा आधी उडतो, काळा-निळा टिकतो. पश्चिमेकडं तोंड असलेल्या दुकानावर लाल फोन नंबर दीड-दोन वर्षांत गुलाबी होतो. नंबर आणि मुख्य शब्द काळ्यात किंवा गडद निळ्यात घ्या, पार्श्वभूमी पांढरी किंवा फिकट. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, छापणाऱ्याला जाडी विचारून घ्या. रस्त्यावर बाहेर आलेल्या आडव्या पाटीला महापालिकेची परवानगी लागते. विजेच्या खांबांवर आणि भिंतींवर विनापरवाना पत्रकं चिकटवणं मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्धच्या १९९५ च्या कायद्यात गुन्हा आहे, आणि पत्रकावर फोन नंबर तुमचाच असतो.

डोंबिवली. घरी केक करते. इन्स्टाग्रामवर एक पोस्ट ३,००० रुपयांना ‘बूस्ट’ केली (पैसे भरून जास्त लोकांना दाखवली). ९०० लाइक आले, ऑर्डर दोन.

काहीच न बदलता बूस्ट केलं की पोस्ट नुसतं लाइक करून जाणाऱ्या माणसांना दाखवली जाऊ शकते, मग ती माणसं नागपुरात का असेनात. उद्देश ‘संदेश’ निवडा, ठिकाणात घराची खूण टाकून तुम्ही केक पोचवता तेवढेच किलोमीटर ठेवा. शनिवार-रविवारच्या केकसाठी बुधवार ते शुक्रवार, दिवसाला २०० रुपये, एवढंच करून पाहा. त्याआधी प्रोफाइलवर भाग, अर्ध्या किलोचा दर, किती दिवस आधी सांगायचं आणि अंड्याचा की बिनअंड्याचा हे लिहा. ही माहिती नसेल तर जाहिरात बघून आलेला माणूस तसाच परत जातो.

त्याहून स्वस्त उपाय तुमच्या जुन्या ऑर्डरींत आहे. गेल्या वर्षी १४ ऑगस्टला ज्या मुलीचा केक केलात तिचा वाढदिवस यंदाही १४ ऑगस्टलाच आहे. तारीख, नाव, चव फोनच्या कॅलेंडरमध्ये ‘दरवर्षी’ म्हणून टाका आणि आठ दिवस आधी आईला विचारा.

रत्नागिरी. किराणा दुकान. मॉलशी टक्कर द्यायला सगळ्या मालावर ५ टक्के सूट लावू का?

नका लावू. तुम्हाला शंभराच्या मालावर १२ रुपये सुटत असतील तर ५ रुपये सूट दिल्यावर ७ राहतात. पूर्वीइतकाच नफा मिळवायला विक्री जवळजवळ ७१ टक्के वाढायला हवी. तेवढा माल ठेवायला जागा आणि भांडवल तुमच्याकडं नाही, आणि सूट एकदा लावली की काढता येत नाही.

टक्क्याऐवजी वस्तू द्या. ३,००० च्या महिन्याच्या यादीवर अर्धा किलो पोहे किंवा पाव किलो शेंगदाणे: गिऱ्हाईक विक्रीचा भाव पाहतं, तुम्हाला खरेदीचा पडतो. मोठी सूट द्यायची ती फक्त मुदत जवळ आलेल्या मालावर, वेगळ्या टोपलीत, तारीख स्पष्ट दाखवून. आणि यादी स्वतः मागा. २८ तारखेला नेहमीच्या घरांना गेल्या महिन्याच्या यादीचा फोटो पाठवून ‘काय कमी-जास्त करू?’ एवढंच विचारा. कोरी यादी लिहायला लोक कंटाळतात, जुनी दुरुस्त करून लगेच पाठवतात. पगार व्हायच्या आत यादी तुमच्याकडं आलेली असली की माणूस त्या महिन्याचं सामान दुसरीकडून भरत नाही.